नाव न घातलेली बाई

साक्षीदाराची ओळख कशी झाकावी, हा माझा हातखंडा विषय. पोलीस, तलाठी, शिक्षक, कायद्याची मुलं, सगळ्यांना तो मी वर्षानुवर्षं शिकवला. स्वतः मात्र तो एका बाईचं नुकसान करून शिकले, हे कुठल्याच वर्गात बोलले नाही. आज लिहितेय तेही काही मोठं धाडस म्हणून नव्हे. लाज जात नाही, म्हणून.

तेव्हा मी विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्रात संशोधन सहायक होते, कंत्राटावर. कामाच्या जागी बायकांना कोणते हक्क मिळतात, असा प्रकल्प होता. पेणच्या गणपती कारखान्यांचं नाव निघालं तेव्हा आमचे सर म्हणाले, "तुमचाच भाग आहे, तुम्हीच जा." मी रोह्याजवळच्या वरसे गावची. रोह्याला रेल्वेत बसलं की पेण. आपल्या माणसांबद्दल आपल्याला कोण काय शिकवणार, अशी माझी तेव्हाची मिजास.

ज्या कारखान्यात मी जास्त रमले तिथे बायकांना संडास नव्हता. पुरुष मागच्या भिंतीशी जाऊन यायचे. बायका घरून निघताना चहासुद्धा टाळायच्या. बहुतेक जणी पुढच्या पडवीत बसून कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या. एकच बाई आत खिडकीपाशी बसायची. ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. आम्ही फिरलो त्या बाकी सगळ्या कारखान्यांत हे काम पुरुषांकडे होतं. ही नवऱ्याच्या शेजारी बसून शिकली होती, आणि तो गेल्यावर मालकाने चार मूर्ती करून घेऊन मगच ब्रश तिच्या हाती दिला होता. त्या खिडकीचा तिला फार अभिमान होता. पडवीत घासायला बसणारी तिची एक मैत्रीण होती, तिच्यासारखीच रोह्याच्या गाडीने येणारी. दोघी डबा एकत्र खायच्या.

"तू रोह्याची ना गो? मग सांगते," ती म्हणाली. "पण माझं नाव नको हां घालू. मालक वायट नाय, पण त्याला राग येल."

मी संमतिपत्रक वाचून दाखवलं. नाव गोपनीय राहील, हे वाक्य तर दोनदा. तिने अंगठा केला. मग सांगू लागली, "सकाळपासून दाबून धरते. दुपारी डोळं काढायला घेतलं की हात थरथरतो. हात हलला की मूर्ती गेली. डाक्टर सांगतो, पानी पी. पिऊन जाऊ कुठं?"

हे सगळं मी अहवालात जसंच्या तसं घातलं. खाली लिहिलं : आखणी करणारी महिला कामगार, नाव गोपनीय. सरांनी त्या परिच्छेदाखाली दोन रेघा मारल्या. मी दिवसभर खुशीत होते.

पेणमध्ये आखणी करणारी बाई म्हटल्यावर नाव कशाला लागतं? हे सरांना ठाऊक नसणं समजू शकतं. मला ठाऊक होतं. लिहिताना डोक्यात आलं नाही, एवढंच. बहुधा त्या वाक्याच्याच प्रेमात पडले होते मी.

अहवालाची मराठी पुस्तिका निघाली. पेणलाच कारखानदारांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवून आम्ही ती वाटली. चहाच्या वेळी तो मालक माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "नाव न घालता आमची बाई बरोबर दाखवलीत, मॅडम."

पंधरा दिवसांनी हिंमत करून मी कारखान्यात गेले. मागे संडासाचं बांधकाम चालू होतं. खिडकीपाशी एक पुरुष डोळे काढत होता. ती पडवीत एका कोपऱ्यात मूर्ती घासत होती, आणि तिची मैत्रीण पार दुसऱ्या टोकाला.

मला बघून ती उठली. हात पांढरे, पापण्यांवरही भुकटी. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून आणली होती. ती आधी बोलली.

"तू शब्द पाळलास हां. नाव नाय घातलंस. कोणीतरी वाचून दाखवलं मालकाला, त्यात माझं नाव नव्हतं. मग त्याला सांगणार कोण? हीच!" तिने मैत्रिणीकडे मान उडवली. "माझी खिडकी डोळ्यात खुपत होती तिच्या. आता बोलत नाय मी तिच्याशी."

एकच वाक्य बोलायचं होतं. तिने नाही, मी सांगितलं. पडवीच्या त्या टोकाला मैत्रीण खाली मान घालून ऐकत होती. मी म्हणाले, "संडास तरी होतोय ना." आणि निघाले.

पुढे पेणला जायचं झालं की मी कोलाडवरून एसटीने जायची. रेल्वेत त्या दोघी वेगवेगळ्या डब्यांत बसलेल्या दिसतील, ही भीती. अहवालाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सरांनी विचारलं, काही दुरुस्ती? माझी कायम नेमणूक तेव्हा अडकली होती. मी म्हणाले, नाही. नेमणूक झाली.

त्यानंतर तो परिच्छेद प्रशिक्षणाच्या साहित्यात आला, गोपनीयता कशी राखावी याचा नमुना म्हणून. कितीतरी वर्षं मीच तो वाचून दाखवला. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

मी म्हणाले, "गोपनीयतेमुळे ते सांगता येत नाही."

तिने मान डोलावली आणि माझं उत्तर वहीत लिहून घेतलं.