शिक्का दाखवा, गोळ्या घ्या

गंगापूर रोडला तेव्हा माणसांना कुठलं ना कुठलं शिबिर लागायचंच. योगासनं झाली, हसण्याचं झालं, मधुमेहाचं झालं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की नाशिककरांना रायफल चालवायला शिकवावं आणि त्याच झटक्यात जबाबदार नागरिकही करून टाकावं. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एका पतसंस्थेत कारकून होते. आमच्या मॅनेजरच्या टेबलावर गुलाबी पत्रक येऊन पडलं: ‘रायफल नेमबाजी व जागरूक नागरिक शिबिर. दर शनिवार-रविवार. महिलांना प्राधान्य.’ ऑफिसातून एक तरी महिला पाठवा, असा वरून निरोप होता आणि ऑफिसात महिला मी एकटीच. झालं, मिळालं प्राधान्य!

जागा शहराबाहेर, धरणाच्या रस्त्याला, शेतांच्या कडेला होती. एका टोकाला पत्र्याची शेड आणि आमच्या सतरंज्या. समोर पन्नास मीटरवर पुठ्ठ्याची टार्गेटं. त्यांच्या मागे, गोळ्या अडवायला, दोन पुरुष उंच मातीचा बांध. तो त्याच वर्षी पावसाळ्याआधी नवीन घातलेला. शिबिर चालवायचे एक निवृत्त अधिकारी. सगळे त्यांना साहेब म्हणत. आवाज असा की चहावालासुद्धा कपबशी घेऊन सावधानमध्ये उभा राही.

सकाळी नेमबाजी आणि जेवणानंतर नागरिकत्व, असा दिवस. साहेबांचा नियम एकच होता, पण कडक. प्रत्येकानं आठवड्याला एक सार्वजनिक तक्रार शोधायची, अर्ज लिहायचा, संबंधित कचेरीत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून आणायचा. शिक्का दाखवला की दहा गोळ्या मिळणार. शिक्का नसेल तर बाकावर बसा आणि दुसऱ्यांचा नेम बघा.

आमच्या तुकडीत पंचवीस जण. डॉक्टर, वकील, बिल्डर, दोन प्राध्यापक, एक मिठाईवाले. पहिल्या आठवड्यात उत्साह काय विचारता! लोकांनी गटारी मोजल्या, खड्ड्यांचे फोटो काढले. तिसऱ्या आठवड्यात एकाच चौकातल्या एकाच दिव्याबद्दल नऊ अर्ज गेले. दिवा चालू होता. मी रोज त्याच्याखालून यायचे, आणि नववा अर्ज माझाच होता! करणार काय, शुक्रवार संध्याकाळ, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं, आणि गोळ्यांची चटक लागलेली. वकीलसाहेबांनी तर एकाच अर्जाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या, तारखेची जागा कोरी. मिठाईवाल्यांनी शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्ध पाच आठवडे पाच कचेऱ्यांत अर्ज दिले, त्यात एक पोस्ट होतं. तिथल्या माणसानंही मुकाट शिक्का मारून दिला.

साहेब अर्ज कधी वाचत नसत. शिक्का उजेडात धरायचे, “शाब्बास, नागरिक!” म्हणायचे आणि दहा गोळ्या हातावर ठेवायचे. कुठल्या अर्जाचं पुढे काय झालं, हे कुणी म्हणजे कुणीही विचारलं नाही. मी तरी कुठे विचारलं?

आता माझं सांगते. मला नेम लागायचा. पालथं पडायचं, दस्ता खांद्यात रोवायचा, अर्धा श्वास सोडायचा आणि उरलेला धरून ठेवायचा. मला हे शिकवावं लागलं नाही, कारण लग्न झाल्यापासून मी रोज असाच श्वास धरून हार ओवत होते. आमचं घर फुलवाल्यांचं. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, शेत सासूबाईंचं. एक एकर झेंडू, थोडी शेवंती. पहाटे टोपली डोक्यावर घेऊन त्या स्वतः बाजारात जाऊन बसायच्या. पण हे मी शिबिरात सांगितलं होतं का? छे! तिथं मी “आमचं फार्म आहे” म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “म्हणजे पॉलिहाऊस वगैरे?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.” साहेबांनी मला टोपी दिली, पिवळ्या काचांचा चष्मा दिला, महिला संघात घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ही आमच्या शिबिराची शान.” खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. माहेरी-सासरी मला कुणी कशाची शान म्हटलं नव्हतं.

भाद्रपद सरत आला आणि पावसानं दडी मारली. झेंडू नेमका कळीवर. दसरा तीन आठवड्यांवर, आणि आमचं वर्ष त्या एका दसऱ्यावर चालायचं. पाटाला पाणी सोडलं होतं, आजूबाजूची रानं भिजली, पण आमच्या चारीला, म्हणजे पाटातून शेताकडे येणाऱ्या नालीला, टिपूस नाही. पाणी सोडणारा माणूस एकच सांगायचा, “मावशी, वरून सोडलंय.”

“वरून सोडलंय, तर मधी कोन प्यालं?” सासूबाई म्हणाल्या. “आठ दिसांत पानी नाय लागलं तर झेंडू गेला समज.”

पाऊस होता तोवर चारीकडे बघायची कुणाला गरजच पडली नव्हती. आता त्यांनी फावडं उचललं आणि चारी धरून उलट्या दिशेनं चालायला लागल्या. तो रविवार होता. मी शिबिरात होते.

लाल झेंडा वर होता. झेंडा वर म्हणजे गोळीबार चालू, कुणी पुढे यायचं नाही. पण तो लावलेला आमच्या बाजूला, बांधामागून दिसायचाच नाही. मागून कोण येणार, मागे नुसती शेतं आहेत, असं साहेब म्हणायचे. माझा अर्धा श्वास सोडलेला, बोट घोड्यावर. तेवढ्यात टार्गेटच्या वर, बांधाच्या माथ्यावर, आधी फावडं दिसलं, मग डोक्यावरचा पदर, मग आख्ख्या सासूबाई.

“थांबा! फायर बंद!” साहेब किंचाळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटलेला ऐकला.

सासूबाई वरूनच ओरडल्या, “ओ साहेब! ही माती कुनी टाकली? हिच्याखाली आमची चारी हाय!”

“अहो बाई, जीव गेला असता तुमचा!”

“झेंडूचा चाललाच हाय की!”

त्या घसरत खाली उतरल्या आणि शेडपाशी येऊन उभ्या राहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. पार्किंग सपाट करायला त्या दिवशी जेसीबी आला होता. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, “अर्ध्या तासाचं काम आहे साहेब. बांधाखालून पाइप टाकतो, वाहील पाणी.” साहेब जरा घुटमळले. मग आम्हा पालथ्या पडलेल्यांकडे वळून म्हणाले, “या बाईंना कुणी ओळखतं का? इथं चारी होती, असं तुमच्यापैकी एकानं जरी सांगितलं तरी आत्ता मोकळी करतो.”

मला फक्त उठून म्हणायचं होतं, ह्या माझ्या सासूबाई आहेत. चार शब्द. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी कडाकडा भांडणारी मी! पण डाव्या हाताला डॉक्टरीणबाई होत्या, आणि समोर सासूबाईंच्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या लुगड्याला चिखल होता. मी टोपी पुढे ओढली आणि गाल दस्त्याला चिकटवला. पंचवीस जागरूक नागरिक पोटावर पडून होते. एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही.

शेवटी वकीलसाहेब म्हणाले, “बाई, असं मधेच घुसू नका. रीतसर अर्ज करा.” साहेबांना एकदम हायसं वाटलं. सासूबाईंनी सगळ्या रांगेवरून एक नजर फिरवली, फावडं खांद्यावर टाकलं आणि आल्या वाटेनं गेल्या. मग झेंडा पुन्हा वर गेला आणि माझ्या दहाच्या दहा गोळ्या टार्गेटच्या मधल्या काळ्यात बसल्या. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण बसल्या.

संध्याकाळी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. “लय मोठी मानसं होती. पालथी पडलेली. येकानं तोंड वर केलं नाय.” मी भाकरी थापत होते. मी होते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही म्हणाले नाही. चष्मा होता, टोपी होती, नसेल ओळखलं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी मात्र मी अर्ज लिहिला. पहिल्यांदाच खरा लिहिला. बांध कुठे, चारी कुठे, आमचं शेत कुठे, पाणी कुठे अडलं, सगळं नकाशा काढून. शिक्का घेतला आणि शनिवारी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी शिक्का उजेडात धरला. “शाब्बास, नागरिक!” आणि दहा गोळ्या माझ्या हातावर.

“साहेब, जरा वाचा.”

“कशाला? शिक्का आहे ना.”

“वाचा म्हणते ना!”

वाचता वाचता ते लाल झाले. म्हणाले, “हे सार्वजनिक नाही. हा तुमचा स्वार्थ आहे.”

“आणि ते कुत्रं?”

“कुत्रं सार्वजनिकच. सगळ्यांवर भुंकतं ते.”

“बरं, मग बांध तेवढा मोकळा करा.”

वकीलसाहेब मधे पडले. “आता कसं करता येईल? तुम्हीच अर्ज दाखल केलाय. प्रकरण कचेरीपुढे आहे. निर्णय येईपर्यंत बांधाला हात लावणं बरं दिसणार नाही.” जेसीबी तर केव्हाच गेला होता.

“ती बाई तुझी कोण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“सासू.”

“अगं, मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?”

त्यांनी साधंच विचारलं, टोमणा मारला नाही. मी गोळ्या टेबलावर ठेवल्या, टोपी-चष्मा ठेवला आणि सायकल काढली. झेंडू त्याच आठवड्यात माना टाकून वाळला. सासूबाईंनी तो उपटून शेताच्या बांधावर टाकला तेव्हा मी मदतीला गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो. दाराला तोरण आणि औजारांच्या पूजेला फुलं तर हवीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई फुलं घ्यायला आल्या होत्या. त्यांच्या रोजच्या जागेवर दुसरीच कुणी बसली होती. त्यांना कुठे उभं राहायचं तेच समजेना. गिऱ्हाइकाच्या बाजूनं त्या कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. शेजारी बसणारी म्हातारी ओरडली, “अगं ये, तू कशाला ईकत घेतीस?” आणि दोन ओंजळी झेंडू पिशवीत ओतला. मग म्हणाली, “पर तुझी सून तर त्याच बंदूकवाल्यांत जाती ना? तिनं नाय सांगितलं त्यांना?”

“ती त्या दिशी नव्हती तिथं,” सासूबाई पटकन म्हणाल्या. “तिला सुट्टी होती.”

इतक्या गर्दीत, सगळ्या फुलवाल्या बायका ऐकत असताना मी म्हणाले, “होते मी. तिथंच होते, आई. साहेबांनी विचारलं कोण ओळखतं, तरी मी गप्प पडून राहिले.”

म्हातारीचा हात पिशवीत तसाच थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीचा एक बंद माझ्या हातात देत म्हणाल्या, “ठावं हाय मला. तवाच दिसली व्हतीस. नीट धर, फुलं दबतील.”