काकडीचा डबा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी शिजवलेलं अन्न सोडलं. त्यामागे काही थोर विचार नव्हता. माझे गाल आणि हनुवटी पुळ्यांनी भरली होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली मलमं परवडत नव्हती, आणि मोबाइलमधली एक तुकतुकीत बाई रोज सांगत होती की विस्तव लागला की अन्न मरतं. फळं खा, मोड आलेली कडधान्यं खा, कच्च्या भाज्या खा आणि मग आरशात बघा. मी तोवर आरशात बघणंच सोडून दिलं होतं, त्यामुळे मला ते पटलं.

रत्नागिरीत मी एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होते. घरमालकीणबाईंनी खोलीत गॅस ठेवायला साफ बंदी केली होती, तेव्हा कच्चं खाणं सोयीचंच होतं. परवडणारं मात्र नव्हतं. त्या बाईच्या ताटात बदाम, अॅव्होकाडो आणि नाव घेताना जीभ अडखळेल अशी बोरं असायची. माझ्या ताटात भिजवलेले शेंगदाणे, मोडाचे मूग आणि बाजार उठताना स्वस्तात पदरात पडलेली पपई. संध्याकाळपर्यंत पोट फुगायचं आणि भूक मात्र तिथल्या तिथे. मैत्रीण जयगडची, तिच्या डब्यात रोज मासळी. बांगड्याच्या कालवणाचा वास आला की मी पुस्तक घेऊन गॅलरीत जायचे, आणि कोणी काही विचारलंच तर वस्सकन अंगावर जायचे.

आमच्याकडे शहरात शिकणाऱ्या मुलांचे डबे गावाहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने येतात. वाडीतल्या बाया थांब्यावर जमतात, डबे कंडक्टरच्या हवाली करतात, आणि आम्ही स्टँडवर जाऊन आपापला उचलतो. माझे वडील मुंबईला कंपनीत, गणपतीला आणि शिमग्याला घरी येणारे. घरी आई एकटी. तिला साखरेचा त्रास, सकाळची गोळी ठरलेली. अंधारात उठून ती माझ्यासाठी भात, भाकरी, कालवण रांधायची, डबा भरायची आणि चुलीपाशीच उरलीसुरली भाकरी खाऊन गोळी घ्यायची. मग थांब्यावर जायची.

आता डबा नको असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तिला आधी वाटलं मी कुठल्या बुवाच्या नादी लागले. मी तिला विस्तवाचं आणि अन्नाचं समजावलं. ती म्हणाली, वाडीचे सगळे डबे जाणार आणि तुझा नाही, तर बाया म्हणतील घरातला तांदूळ सरला, नाहीतर मायलेकींचं वाजलं. डबा थांबणार नाही, हवं तर कच्चं भरते. वाडीच्या तोंडाला लागायची माझीही तयारी नव्हती.

मग डबे येऊ लागले. परसातली काकडी, चिबडाच्या फोडी, जिरं घालून कालवलेलं ओलं खोबरं. एकदा नुसती भेंडी, धुऊन, पुसून, देठं काढून. मैत्रीण हसून लोळली. मी ती भेंडी हट्टाने खाल्ली आणि तासभर तोंडातली बुळबुळ जाईना. चेहरा थोडा निवळला, खोटं का बोलू. पण जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, केस विंचरताना हातात पुंजके यायचे. आई रोज विचारायची, चक्कर येत नाही ना? मी रोज सांगायचे, नाही. उलट मी तिला कधीच काही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, कारण तिच्याकडे विचारण्यासारखं काही बदललंय असं वाटत नव्हतं. पडलेच तर मीच पडेन याची आम्हा सगळ्यांनाच खात्री होती.

नवरात्रातली गोष्ट. सकाळी स्टँडवर गेले तर गावची गाडी लागलेली, उतारू उतरून गेलेले आणि कंडक्टर खालीच उभा. नेहमी खिडकीतून डबा पुढे करणारा माणूस. माझ्याकडे न बघता म्हणाला, "डबा आतच हाय. तुझ्या आयेला घेऊन आलोय."

आई मागच्या लांब सीटवर आडवी होती, डोकं शेजारच्या काकूच्या मांडीवर. थांब्यावर डबा देता देता ती खाली बसली होती आणि मग उठली नव्हती. घामाने तिचं पातळ अंगाला चिकटलं होतं. काकू तिच्या ओठांवर साखर लावत होती.

दवाखान्यात सलाईन लागलं, तासाभराने ती नीट बोलू लागली. रक्तातली साखर फार खाली गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, काल रात्री काय जेवलात? ती म्हणाली, भात. आणि सकाळी? भाकरी, म्हणाली. काकूनेही दुजोरा दिला. "रोज डबा जातोय की तिचा," काकू म्हणाली, "रांधल्याबिगर जातोय काय?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मी आईकडे पाहत होते. ती छताकडे.

"आये, चूल कधीपासून नाय पेटवलीस?"

आईने तोंड माझ्याकडे वळवलं. "एकलीसाठी कोण रांधत बसतंय, बाय. चाय घेतंय, त्यात बटर बुडवून खातंय, गोळी घेतंय. काकडी कापायला असा वेळ कितीसा लागतो?"

मला राग आला. मी तिला उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. तिच्या घरात तांदूळ होता, लाकडं रचलेली होती, हात धडधाकट होते. मला या जगात एकच गोष्ट माझी स्वतःची हवी होती, माझ्या पोटात काय जातं एवढीच, आणि तीसुद्धा तिच्या पोटाला जोडलेली निघाली. हे कोणी जोडलं होतं? मी तर नाही. तिला हे सगळं ऐकवायचं होतं. मी तिच्याच पदराने तिची मान पुसली.

समोरच्या खानावळीतून मी पेज आणली. वाटी तिच्या हातात दिली, तर ती धरूनच बसली. निवतेय, पी, म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "तू घे आधी," म्हणाली. काकू म्हणाली, घे गो, तिला बरं वाटेल. मला रडू येत होतं आणि भूक मुळीच नव्हती. मी दुसऱ्या वाटीत पेज ओतून घेतली आणि उभ्याउभ्या प्यायले. जीभ पोळली. वाटी रिकामी झालेली तिने वाकून पाहिली, आणि मग आपली तोंडाला लावली.

आता डबा पुन्हा भाताचा येतो. रोज संध्याकाळी मी फोन करून विचारते, आज काय जेवलीस? ती लगेच सांगते, आमटी-भात, कुळथाची पिठी, भाकरी. इतक्या लगेच, जणू आधीच ठरवून ठेवलेलं. सकाळी स्टँडवर डबा हातात घेतला की तो कोमट लागतो. त्यावरून एवढंच कळतं की मी जेवणार आहे.