काळ्या पट्टीखालचं नाव

शाळेच्या ऑफिसातल्या रेकॉर्डवाल्या बाई म्हणजे तोंडाला कुलूप. आग लागली किंवा कुणी घुसलं तर मुलांना कुठून बाहेर काढायचं, तो आराखडा त्यांच्याच कपाटात. कुणी मागितला की प्रत द्यायची, पण दारं, वाटा आणि माणसांची नावं काळ्या मार्करनं झाकून. वाईट डोक्याच्या माणसाच्या हाती पडला म्हणजे?

यंदा तो मागितला त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं. तिची लेक चाकाच्या खुर्चीत, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि आगीत लिफ्ट बंद. पोरीला खाली कोण आणणार, एवढंच तिला हवं होतं. बाईंनी तिलाही काळ्या पट्ट्यांचीच प्रत दिली.

"ताई, पोर माझी, आणि नावाला काळं फासतेस तू?" बहीण कडाडली. "काढतेच तिला या शाळेतून!"

खरं तर त्या पट्टीखाली नाव होतं बाईंचंच! दुसरं कुणी असतं तर बोलून मोकळं झालं असतं. पण आज बहिणीला सांगायचं, उद्या शेजारणीला, मग झाकायचं तरी कशाला? बाईंनी आराखडा परत कपाटात ठेवून कुलूप घातलं. अशी हट्टी बाई शोधून सापडायची नाही.

शेवटी त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "कागद दाखवता येत नाही, कबूल. पण आगीची मॉक ड्रिल तरी पोरीच्या आईला बघू द्या." मुख्याध्यापिका हो म्हणाल्या.

ड्रिलच्या दिवशी घंटा घणघणली. वर्गामागून वर्ग मैदानात आले, हजेरी सुरू झाली. पोरीचा पत्ता नाही. बहिणीचा जीव टांगणीला लागला. सगळ्यांत शेवटी मागच्या दारातून पोरीला खुर्चीसकट उचलून शिपाईदादा आणि बाई बाहेर आले. बाईंचे केस विस्कटलेले, धाप लागलेली. पोरगी खिदळत होती, "मावशी, अजून एकदा!"

बहीण धावत आली आणि तिनं आधी ताईलाच मिठी मारली. "अगं बये, सांगायचं नाही होय?"

"काय सांगायचं?" बाई म्हणाल्या.

"बरं बाई, नको सांगूस. पण वेळेवर जेवत जा, गुडघ्यांना तेल लावत जा. ते आता तुझ्या एकटीचे नाहीत."

बाई हसता हसता रडल्या. आता दुसऱ्या मजल्यावर काही काम निघालं, की लिफ्ट समोर उभी असली तरी त्या जिन्यानंच जातात.