पिंपळकोंडचे पाष्टे

आंबा घाट उतरू लागलो तशी बाबांनी एसटीच्या खिडकीची काच सरकवली आणि रत्नागिरी येईपर्यंत ती मला लावू दिली नाही. आंब्यांना मोहोर आला होता. सत्तरी ओलांडल्यावर बाबा पहिल्यांदाच कोकण बघत होते.

आमचं आडनाव कोकणे. ते नागपूरच्या लोकांनी दिलेलं. माझे आजोबा धोंडू मिसरूडही न फुटलेल्या वयात एकटेच नागपूरला आले आणि कापडगिरणीत लागले. घरचे शोधत येतील या भीतीने त्यांनी खरं आडनाव कुणालाच सांगितलं नाही. बाबांना फक्त गावाचं नाव ठाऊक होतं, पिंपळकोंड, आणि आजोबांच्या धाकट्या भावाचं, सखाराम. शिवाय आजोबांनी ओशाळं हसत सांगितलेली एक हकिकत. घरच्यांनी त्यांना मुंबईला कामाला म्हणून गलबतात बसवून दिलं. समुद्र बघून त्यांचं धाबं दणाणलं. अंजनवेलीला गलबत माल घ्यायला थांबलं, तिथे ते गुपचूप उतरले आणि पायी घाट चढून गेले.

ते गाव शोधायला आम्ही रत्नागिरीत मांडवीला एका लॉजमध्ये उतरलो. मालक मूळचे इथलेच. पिंपळकोंडचं नाव ऐकून ते म्हणाले, "असं गाव नाहीच हो जिल्ह्यात. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल." एसटी स्टँडवरही तेच उत्तर. सरकारी कचेरीतल्या गावांच्या यादीतही पिंपळकोंड नव्हतं. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघं जाऊन बसलो. बाबा म्हणाले, "सुमन, वडिलांनी गावाचं नावही खोटंच सांगितलं असेल का गं?"

मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशावरून गावं नाहीशी होतात हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एका जुन्या वाचनालयात मी ब्रिटिश काळातल्या खानेसुमारीचे (जनगणनेचे) खंड मागून घेतले. कागद हात लावला की तुटत होता. गुहागरकडच्या गावांमध्ये पिंपळकोंड होतं. पुढच्या खंडात ते नव्हतं. शेजारच्या आगरवणे गावापुढे कंसात त्याचं नाव होतं. गाव बुडालं नव्हतं, शेजारच्या गावात मिसळलं होतं. मी बाबांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "उद्या पहिली गाडी."

जयगडला एसटी सोडून आम्ही तरीत (खाडी ओलांडणाऱ्या होडीत) बसलो. पलीकडे पुन्हा एसटी, आणि मग उन्हात सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) चाल. वाटेत बाबांच्या वहाणेचा अंगठा तुटला. त्यांनी वहाणा पिशवीत टाकल्या आणि अनवाणीच चालू लागले. माझं ऐकलं नाही.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून पहिल्या घराशी आलो. अंगणात एक म्हातारे गृहस्थ सुपाऱ्या वाळत घालत होते.

"कुनाकडं आलाव?" त्यांनी विचारलं.

"पिंपळकोंड इथेच का?"

"आता कोन म्हनत न्हाय तसं. पन हेच ते. बसा."

पाणी प्यायल्यावर बाबांनी विचारलं, "इथे सखाराम नावाचे कोणी होते का? फार वर्षांपूर्वी. त्यांना धोंडू नावाचा थोरला भाऊ होता."

त्यांचा सुपाऱ्यांवरचा हात थांबला. "सखाराम पाष्टे माजा बापूस. मी भिकू. धोंडू माजा चुलता, पन तो ल्हानपनीच बुडाला. मुंबईला जाताना अंजनवेलीफुडं गलबत पलटी झालं. बाकीच्यांची मढी मिळाली. त्याचं न्हाय मिळालं."

मी सांगितलं, "ते बुडाले नाहीत. गलबत बुडायच्या आधीच अंजनवेलीला उतरले होते. पाण्याला भिऊन." आणि बाबांकडे हात केला. "हे त्यांचे चिरंजीव."

भिकूकाका उठले. त्यांनी बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, न्याहाळला आणि घरात हाक मारली, "अगो, बाहेर ये. आपला धोंडूचुलता जिता व्हता."

बघता बघता अंगण भरलं. सगळे पाष्टे. त्या दिवशी आमचं आडनाव आम्हाला कळलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि भाजलेलं सुकट पानावर आलं. जेवताना भिकूकाकांनी बाबांना विचारलं, "दर सर्वपित्रीला आमी त्याच्या नावानं पान वाढताव. बुडालेल्या पोराचं म्हनून त्यात दूध-गूळ आसतो. आता काय करायचं?"

बाबा भाकरीचा घास हातात धरून म्हणाले, "वाढत राहा. वडील गेलेच आता. फक्त म्हातारे होऊन गेले. पानात तिखट वाढा, त्यांना फार आवडायचं."

सगळे हसले, आणि भिकूकाका हसता हसता रडले.

संध्याकाळी ग्रामदेवीच्या देवळात गाऱ्हाणं (देवापुढची सामूहिक प्रार्थना) घातलं. गावकऱ्यांनी सगळ्या घरांची नावं घेतली आणि शेवटी "नागपूरचे पाष्टे" असं म्हटलं. बाबा हात जोडून ताठ उभे होते.

परतताना आम्ही मुद्दाम चिपळूणहून कुंभार्ली घाटाने निघालो. आजोबा बहुधा इथूनच चढले असतील. एसटी वळणं घेत होती, खाली वाशिष्ठीचं खोरं लांबवर दिसत होतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकट्या पोराने ही चढण कशी चढली असेल? घरच्यांना तोंड दाखवायची लाज वाटत असणार, आणि आपल्या मागे रडारड चालली आहे याचा पत्ताही नसणार. ज्या भित्रेपणाची त्यांना जन्मभर शरम वाटली, त्याच्यामुळेच बाबा जन्मले, मी जन्मले, नागपूरच्या घरातली सगळी मुलंबाळं जन्मली. हे मी बाबांना बोलून दाखवलं.

"भ्याले ते बरं झालं," बाबा म्हणाले. मग खिडकीला डोकं टेकवून ते झोपले ते थेट कऱ्हाड येईपर्यंत.