मेव्हण्याची रेकॉर्ड

पाट्या रंगवणारे काका तसे मनाने वाईट नव्हते. पण मेव्हण्याची जॅझची रेकॉर्ड इतक्या वर्षांनी पुन्हा निघाली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

रेकॉर्ड बीबॉपची, म्हणजे ऐकणाऱ्यालाही धाप लागावी अशा भरधाव जॅझची. त्या बँडमध्ये ड्रम खरं तर काकांचे. तरुणपणी दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, संध्याकाळी ड्रम वाजवायचे. रेकॉर्डिंग तोंडावर आलं आणि ते शिडीवरून पडले. मनगट प्लॅस्टरमध्ये. "बायकोचा भाऊ आहे, मीच शिकवलाय, वेळ मारून नेईल," म्हणत त्यांनीच मेव्हण्याला धाडलं. त्याने वेळ कसली, मैदानच मारलं. रेकॉर्ड गाजली. मनगट बरं झालं, पण तोवर बँडला बदल नको होता.

आता बायकोने नव्या रेकॉर्डचं जाडजूड कव्हर कपाटावर उभं करून ठेवलं होतं. त्यावर तरुण मेव्हणा काड्या उगारून हसत होता.

"किती गोड दिसतोय ना?"

"केस होते तेव्हा," काका म्हणाले.

ती बाजारात गेल्यावर त्यांनी तबकडी लावली. इतकी वर्षं टाळली होती. एखादी तरी चूक सापडेल म्हणून कान लावून बसले. सापडली नाही. त्यांनी शिकवलेलं सगळं त्यात होतं; न शिकवलेलंही बरंच होतं आणि तेच जास्त झोंबलं. सॅक्सोफोन कुठे वळणार हे पोराला आधीच कळत होतं. बायको परतली तेव्हा काका म्हणाले, "आवाज जरा कोरडाच आहे."

मग एका दुपारी मेव्हणा स्वतः आला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला तसा त्याने तो खाली ठेवला आणि थरथरते हात मांडीवर दाबून धरले.

"रेकॉर्डच्या दुकानात छोटा कार्यक्रम आहे, भावजी. मला आता काडी धरवत नाही. तुम्ही बसाल का ड्रमवर?"

काकांना वाईट वाटलं. पण त्याआधी आनंद झाला.

कार्यक्रमात सुरुवातीला हात जड पडला. मग झांजेवर लय पळू लागली आणि काका वय विसरले. टाळ्या थांबेनात. चष्मा लावलेली एक मुलगी धावत आली. "काका, अगदी रेकॉर्डसारखं वाजवलंत!"

"अगं, रेकॉर्डच माझ्या..." बाकीचं त्यांनी गिळलं.

मेव्हणा पहिल्या रांगेत तसाच बसून होता. बाहेर पडताना म्हणाला, "मला नाही आवडलं, भावजी."

"का? काय चुकलं?"

"काहीच नाही. तुमच्या हातांकडे बघत नुसता जळत होतो. एकदा तरी चुकतील म्हणून वाट बघत बसलो."

काका खो खो हसले. कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. या बरं वाटण्याची थोडी लाजही वाटली. त्यांनी पायऱ्यांवर मेव्हण्याचा दंड धरला.

"दुसऱ्या गाण्यात तू जे वाजवलंयस ना," ते समोर बघत म्हणाले, "ते मला जमलं नसतं."

मेव्हणा थबकला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"पायरी बघ," काका म्हणाले.