सात नंबरचा प्रोग्रॅम

अक्षता जतची. बाप आप्पासाहेब, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. पोरगी बीएस्सी आयटीला साताऱ्यात आमच्या कॉलेजात आली, तवा बापानं एकच सांगितलेलं, "एक जरी वर्ष बुडलं, तर गाठोडं बांधून घरी यायचं."

मी आकाराम, कॉम्प्युटर लॅबचा शिपाई. सोळा वर्षं फौजेत सिग्नलला काढली. आता कुलपं काढतो, धूळ पुसतो आन् ह्या शिक्षणाचा तमाशा बघतो. आमच्याकडं पोरं प्रोग्रॅम चालवत न्हाईत, लिवत्यात. जर्नलात, शाईनं. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं उत्तर. कपाटात अकरा वर्षांमागचं एक जुनं जर्नल असतंय, त्याला समदी 'मास्टर' म्हणत्यात. त्याच्यावरनं उतरवायचं, सरांची सही घ्यायची. सहीबिगर परीक्षेला बसू देत न्हाईत. मशीनला हात लावायची गरजच काय? तिसातली अठरा तर बंदच हायत, पण कुणाचं अडलंय का?

अक्षतानं एक मशीन चालू केलं आन् तिथंच घोळ झाला.

सात नंबरचा प्रोग्रॅम तीन आकड्यांची सरासरी काढायचा. दहा, वीस, तीस. मास्टरमधी उत्तर वीस. हिच्या मशीनवर आलं चाळीस!

"आवं काका, बेरजेला कंसच न्हाई हितं. मशीन नुस्त्या तिसाला तीननं भागतंय. अकरा वर्षांत कुणीच चालवून बघितलं न्हाई व्हय?"

"उत्तर तर बरोबर लिवलंय की, बाई."

"ते कुणीतरी डोक्यानं काढून लिवलंय, काका!"

तिनं कंस घातला, तीन-तीनदा चालवून बघितलं आन् जर्नलात तसंच लिवलं. सरांनी त्या पानावर लाल फुली मारली. "मास्टरप्रमाणे लिहा."

"सर, दोन मिनिटं चालवून तर बघा."

"ऐंशी जर्नलं तपासायचीत मला. एकेकीचं वेगळं वाचत बसू? परवापर्यंत नीट लिहून आणा, नाहीतर परीक्षा विसरा."

पोरगी लॅबच्या पायरीवर येऊन बसली. डोळं लाल. मला सरांचा असा संताप आला म्हणून सांगू! पण जतला बाप गाठोड्याची वाट बघत असणार, हे मला ठावं होतं. मी म्हणलं, "लिव गं माझे आई, मास्टरमधी हाय तसं लिव. अडला हरी गाढवाचे पाय धरी." तिनं लिवलं. दात-ओठ खात, पण मोत्यावानी अक्षरात. सही मिळाली, परीक्षा झाली, पास बी झाली. तरी तो सल्ला मीच दिला, ह्याची चीड अजून जात न्हाई माझी.

पुढं काय झालं? जुनं मास्टर फाटून पार चिंध्या झालेलं. सरांनी सगळ्यात देखणं जर्नल निवडलं आन् कपाटात ठेवलं. अक्षताचं!

कळल्याबरोबर ती पळत आली. "काका, कुलूप काढा. माझ्या हातची चूक न्हाई कुणाला उतरवू द्यायची मी." सही झालेल्या पानावर शाई चालवायची सोय न्हाई. तिनं पेन्सिलनं दोन्ही बाजूंचा कंस घातला, खाली बारीक लिवलं, 'मशीनवर चालवून बघा.' मी कुलूप लावलं. म्हणलं, चला, एवढं तरी झालं.

जूनमधी नवी बॅच आली. संयोगिता नावाची एक टापटीप पोरगी मास्टर घेऊन गेली आन् चार दिवसांनी परत घेऊन आली. अक्षता तवा लॅबमधीच बसलेली.

"काका, सात नंबरच्या पानावर कुणीतरी पेन्सिलनं घाण केलती बघा. खोडरबरानं साफ केली मी. सर बी शाबास म्हणले."

अक्षता उठली. तिच्या हातातनं जर्नल घेतलं आन् पहिल्या पानावरच्या नावावर बोट ठेवलं. "हे माझं हाय."

संयोगिता खूश होऊन म्हणली, "तुमी व्हय त्या? ताई, अक्षर लय झ्याक हाय तुमचं!"