दोघी जात असाल तर जा

ताईची जिम मी बंद पाडली.

आज वर्ष झालं तिला जाऊन. घरात कोणाला बोलले न्हाई. आज सगळ्यांसमोर लिहून राह्यले.

सुनीताताई माझी थोरली जाऊ. मस्तगडात आमच्या घराजवळच्या जिममध्ये लेडीज बॅच सुरू झाली, संध्याकाळी पाच ते सहा. हौस माझी. नवीन शूज, फोटो, स्टेटस, सगळं माझंच.

आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, "दोघी जात असाल तर जा. एकटीनं कोण्ही जायचं न्हाई."

म्हणून मी ताईला ओढून नेलं. पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून आल्ती बिचारी.

जिमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वजनाची घाई करू नका. आधी वॉर्मअप, मंग नुसता रॉड, पाठ सरळ. सुरुवातीला जी सवय लागते ना, तीच राहते."

मी वॉर्मअप टाळून आरशासमोर. ताई मात्र सांगितलं तसं बराबर करायची. डंबेल जागेवर ठेवायची. माझेसुद्धा.

पाच वाजायच्या आधीच बाटली भरून दारात उभी.

"चल ना गं रेश्मे, जल्दी."

"आज कंटाळा आलाय ताई."

"बरं. मंग उद्या."

आणि ओढणी सोडून परात घेऊन बसायची. कधी एका शब्दानं बोलली न्हाई.

थोड्याच दिवसांत माझी हौस फिटली. मी जिम सोडली. म्हणजे तिचीही सुटली.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "आत्या, ताईला एकटीला जाऊ द्या." त्यांनी ऐकलं असतं. माझं ऐकतात त्या.

पण मी ते म्हटलंच न्हाई. का माहितीये?

ताई गेली असती तर संध्याकाळच्या भाकरी माझ्या एकटीवर आल्या असत्या.

बस. एवढंच कारण.

नंतर एकदा कपडे काढायला गच्चीवर गेले. ताई खांद्यावर काठी धरून उठाबशा काढून राह्यल्ती. पाठ एकदम सरळ. मला बघून लाजली.

"सवय मोडू नये म्हणून गं."

मी हसले. हसले हो मी!

तिला डेंग्यू झाला आणि आठवड्यात गेली. जिमचा त्याच्याशी बिलकुल संबंध न्हाई, मला कळतं. पण अख्ख्या दिवसात तो एक तास तिचा होता. तो मी खाल्ला.

परवा आत्या म्हणाल्या, "रेश्मा, जात जा तू परत जिमला. एकटी गेलीस तरी चालंल."

मी मोरीत जाऊन रडले.

ताई, माफ कर गं. त्या भाकरी मी एकटीनं केल्या असत्या तर माझे हात झडले असते का?

आता रोज एकटीच थापते.

नमस्कार करते ताई.

तुझी रेश्मा